खंडेनवमीच्या फ्लॉप्या

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत अजून झेंडूचा आणि धुपाचा वास होता. त्या वासात शालिग्राम कपाळाला हात लावून बसला होता.

डब्यातली पहिली फ्लॉपी त्यानं मशीनच्या फटीत घातली तेव्हा आतून नुसती घरघर आली आणि पडद्यावर उत्तर उमटलं, वाचता येत नाही. दुसरीला तेच. तिसरीलाही तेच. मूळ संच झाला, मग त्याच डब्यातला नकलेचा जोडसंच झाला. त्या काळच्या त्या काळ्या, चौकोनी, कागदी पाकिटातल्या तबकड्या. एकेक काढून तो टेबलावर ठेवत गेला. शेवटी डबा रिकामा झाला.

"काय झालं बे?" मॅनेजर उत्तमरावांनी दारातून विचारलं.

"साहेब, सगळ्या कोऱ्या."

"कोऱ्या म्हंजे?"

"म्हंजे... रांग गेली."

मलकापूरच्या त्या कापसातून सरकी काढणाऱ्या सहकारी जिनिंग संस्थेत 'रांग' म्हणजे काय हे कोणाला विचारावं लागत नसे. पूर्वी ती कापसाच्या बैलगाड्यांची रांग होती. हंगाम लागला की फाटकापासून थेट हमरस्त्यापर्यंत जायची. बैल उपाशी, माणसं पेंगुळलेली, वजनकाट्यापाशी आईमाईवरून शिव्या, आणि एखाद्या साली डोकीसुद्धा फुटायची. मग सत्त्याऐंशी साली संस्थेनं कॉम्प्युटर घेतला आणि वडनेर भोलजीच्या शालिग्रामला नोकरीवर ठेवलं. कोणत्या गावच्या गाड्यांनी कधी यायचं ते ठरवणारा आणि गावोगावच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्रॅम त्यानं लिहिला, आणि त्याचं नावच 'रांग' ठेवलं. मागच्या हंगामात फाटकाबाहेर एकाही बैलाला मुक्काम पडला नव्हता.

यंदाच्या चिठ्ठ्या अजून छापायच्या होत्या आणि कोजागिरीला खरेदीचा मुहूर्त होता.

"गेली नाही," उत्तमराव आत येत म्हणाले. "घालवली. शालिग्राम, या दारावर माह्या सहीचा हुकूम लटकून राह्यला. वाच."

शालिग्रामनं मान वर केली नाही. हुकूम त्याला पाठ होता. या खोलीतली गोष्ट या खोलीत. प्रोग्रॅम बाहेर कोणाला द्यायचा नाही, त्याबद्दल संस्थेतसुद्धा कोणापाशी बोलायचं नाही.

"अष्टमीच्या दिवशी तू मेहकरच्या यष्टीत कंडक्टरजवळ एक पाकीट देलं. मले खबर हाये. काय होतं त्याच्यात?"

पंखा फिरत होता. शालिग्राम टेबलावरच्या तबकड्यांच्या कडा सारख्या करत राहिला.

"ठीक हाये," उत्तमराव म्हणाले. "आज दिवेलागणीले सभा. तिथं नोकरीचं पाहू, अन् मंग पोलिसाचं पाहू."

२

मनकर्णाबाईंचा चातुर्मास चालू होता. रोज पहाटे तुळशीपुढं गोपद्मं काढायची, कथा वाचायची, आणि दिवसातून एकदाच जेवायचं. गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर त्या संस्थेच्या संचालक मंडळात आल्या. सभेत त्या इतक्या हळू बोलत, की त्या बोलायला लागल्या म्हणजे बाकीच्यांना खुर्च्यांचा आवाज बंद करावा लागे.

त्या दिवशी अध्यक्ष नारायणराव स्वतः घरी आले. ओट्यावर टेकले.

"बाई, संध्याकाळी एक ठराव हाये. शालिग्रामले काढायचा. तुमची सही लागन."

"कापूस अजून झाडावर आहे नारायणराव, अन् सही आत्ताच?"

"उत्तमरावाचं म्हणनं, पोरानं प्रोग्रॅम बाहेर इकला अन् घरचा पुसून टाकला. म्हंजे आता ज्याले इकला त्याच्यापाशी आपण हात जोडत जायचं."

"हे कोणी पाहिलं?"

"पाह्यलं कोनीच नाही. पण दुसरं कोन करीन?"

मनकर्णाबाई रांगोळीची वाटी आत ठेवून आल्या. "कोणाच्या पोटावर पाय द्यायचा तर आधी पाय कुठं पडतो ते तरी पाहिलं पाहिजे. मी संस्थेत जाऊन येते. तोवर ठराव राहू द्या कोरा."

"आज कोरं हा शब्द नका काढू बाई," नारायणराव कसनुसं हसले. "त्याच्या घरी म्हातारी माय हाये. ती सकाळपासून माह्या दारात बसून हाये."

बाई पदर सारखा करून निघाल्या.

कॉम्प्युटरच्या खोलीत त्यांनी कशाला हात लावला नाही. आधी नुसतं पाहिलं. भिंतीला लागून लाल कापड अंथरलेला लांब पाट होता. यंदा खंडेनवमीची पूजा याच खोलीत झाली होती. सगळ्या जिनिंगची हत्यारं आणि कॉम्प्युटर एकत्र पुजायचे, फोटो काढायचा, ही उत्तमरावांची हौस. हत्यारं आता आपापल्या जागी गेली होती. पाटावर हळदीचे डाग उरले होते.

खिडकीखाली जमिनीवर बाईंना आपट्याचं एक पान दिसलं.

आपट्याचं सोनं नवमीला कोणी देत नाही. ते दसऱ्याचं. आणि दसऱ्याला तर ही खोली कुलपात होती.

मग त्यांनी टेबलावरची सर्वांत वरची, म्हणजे डब्यातून शेवटी निघालेली फ्लॉपी पाहिली. तिच्यावर काही नव्हतं. तिथून खाली एकेक पाहात त्या पहिलीपर्यंत आल्या. डब्यात ही सगळ्यांत वर असणार. तिच्या पाकिटावर कुंकवाचं बोट होतं, दोन अक्षता चिकटल्या होत्या, आणि झेंडूच्या पाकळ्या चिरडून त्यांचं एक गोल कडं उमटलं होतं. बांगडीसारखं नव्हे, चांगलं तीन बोटं रुंद. मधली जागा मात्र स्वच्छ, पाकळ्या तिथं फुलासारख्या फुललेल्या.

त्या दिवशी या डब्यावर काहीतरी जड ठेवलेलं होतं. आणि आज ते खोलीत नव्हतं.

३

"आपट्याचं पान?" माणिकराव म्हणाले. "आता हे बी माह्याच बोडक्यावर!"

माणिकराव म्हणजे काट्याचे मुकादम. पूर्वी रांगेत कोणाची गाडी पुढं घ्यायची हे तेच ठरवायचे. 'रांग' आल्यावर तो मान गेला. संस्थेत सकाळपासून शालिग्रामच्या खालोखाल त्यांचंच नाव घेतलं जात होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

"मी तुम्हांला विचारलं नाही अजून, माणिकराव," मनकर्णाबाई म्हणाल्या. "नुसतं म्हटलं, पान सापडलं."

"तुमी शाळेत बी असंच करत होत्या. 'मी विचारलं नाही,' म्हणायच्या, अन् पोट्टं सगळं ओकून टाके." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हाव, मी गेलतो. दसऱ्याले सोनं वाटत वाटत आलो अन् खिडकीच्या गजातून एक पान आत टाकलं. त्या मशीनले."

"मशीनला सोनं?"

"हासू नका बाई."

"मी कुठं हसले?"

"मनात हासल्या." माणिकरावांनी इकडंतिकडं पाहिलं. "लोक म्हणतात माणिकरावाचा मान गेला. मान कायचा जी? हा म्हणे माह्या साल्याची गाडी पुढं घे, तो म्हणे आमदाराच्या भाच्याची घे. एकाले घेतलं की शंभर जण माह्या मायले आठवत. मागच्या सालीच पह्यल्यांदा हंगामात मी घरी जाऊन जेवलो. बायकोनं विचारलं, तब्येत बरी नाही काय? कोनी बोलाले आला की मी मशीनकडं बोट दाखवतो, तिले भांड म्हणतो. मंग तिले सोनं देऊ नको तर कोनाले देऊ?"

"आत गेला नाहीत?"

"कसा जाणार? कुलूप होतं, किल्ली उत्तमरावाच्या जानव्याले. खिडकीतून हात घातला तर बोटं पाटापर्यंत बी नाही पोचत. पाहा पाहिजे तर."

बाईंनी पाहिलं. पोचत नव्हती.

"एक सांगा. तुम्ही गजातून पाहिलं तेव्हा त्या डब्यावर काय होतं?"

माणिकरावांनी डोळे बारीक केले. "फुलं होते. अन् काहीतरी काळं होतं. पोरीच्या खेळण्यातल्या जात्याएवढं. म्या म्हटलं, देवीचा गोटा असन."

४

शालिग्राम पिंपळाच्या पारावर बसला होता. बाई आल्या तसा उठला. ऐकू येईल अशा आवाजात त्यांनीच आधी सांगितलं, "बस. मी सही केलेली नाही."

तो बसला, पण त्याचे डोळे भरून आले.

"मला मशीनमधलं काही कळत नाही, तेव्हा शाळेतल्या पोराला सांगतोस तसं सांग. फ्लॉपी पुसायची तर काय करावं लागतं?"

"मशीनमध्ये घाला लागते. फटीची कडी लावायची, हुकूम द्यायचा. मंग ती पुसते."

"नवमीच्या सकाळी रांग चालू होती?"

"हाव. पूजेच्या आधी सगळ्यांसमोर चालवली. अध्यक्षसाहेबानं त्यायच्या गावची चिठ्ठी पडद्यावर पाह्यली."

"मग पूजा झाली, अन् मशीनला पूजेचा नाडा बांधला."

"विमलबाईनं, मांडणी त्यायचीच होती. पडद्यापासून तर पार कडीवरून, चार येढे."

"आज सकाळी तो कोणी सोडला?"

"त्यायनंच. उत्तमरावसाहेब समोर होते, मंग दारातच उभे होते. गाठीत दूर्वा खोवली होती, तशीच होती. विमलबाई म्हणे, माही गाठ म्हंजे माही गाठ, नखानं सुटत नाही."

बाई बोटांवर एकेक मोजायला लागल्या. "म्हणजे कडीवरचा नाडा सुटला नाही, तर कडी उघडली नाही. कडी उघडली नाही, तर मशीनमध्ये फ्लॉपी गेली नाही. अन् खोलीला कुलूप, फ्लॉप्यांवरच्या अक्षतासुद्धा हललेल्या नाहीत. मग त्या तू पुसल्या नाहीस. कोणीच पुसल्या नाहीत."

शालिग्रामनं पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडं पाहिलं. "हे मी काऊन नाही पाह्यलं बाई?"

"तू घाबरला होतास. मशीनच्या आत एखादी फ्लॉपी राहिली होती का?"

"एक होती. मशीन सुरू करायची. ती..." तो थांबला. "ती चांगली हाये! आज मशीन तिच्यावरच सुरू झाली."

"आतली चांगली, डब्यातल्या सगळ्या गेल्या. बिनमशीनचं काय पुसतं त्यांना?"

"एकच गोष्ट. लोहचुंबक. फ्लॉपीवरचं लिहिणं चुंबकाचंच असते, मोठा चुंबक जवळ आला की सगळं इस्कटते. पण या खोलीत चुंबक कुठून येईन? मी तर रेडिओ बी आत येऊ देत नाही."

"रेडिओ का?"

"त्याच्या भोंग्यात चुंबक असते."

"हे संस्थेत कोणाला सांगितलंस?"

त्यानं दारावरच्या हुकमाच्या दिशेनं नुसती मान हलवली.

बाई उठल्या. जाताजाता म्हणाल्या, "मेहकरच्या गाडीतलं पाकीट?"

शालिग्रामनं हात जोडले. "ते नका विचारू बाई. त्याच्यात दुसऱ्या माणसाचं नाव हाये. मी गेलो तं गेलो, त्यायले कायले ओढू?"

५

विमलबाई मागच्या पडवीत पूजेची भांडी घासत होत्या. कार्यालयातली झाडलोट, पाणी, आणि सणावाराची सगळी मांडामांड त्यांच्याकडंच असे. मनकर्णाबाई पाटावर बसल्या आणि न विचारता एक ताम्हण घासायला घेतलं.

"ठेवा व बाई, तुमचं सोवळं हाये."

"देवाचंच भांडं आहे. विमलबाई, नवमीची मांडणी सुरेख झाली होती. फ्लॉप्यांच्या डब्यावर काय ठेवलं होतं?"

विमलबाईंचा हात थांबला. "मी काही नाही केलं."

"केलं असं मी म्हटलं नाही. फुलं चपटी झाली होती, म्हणून विचारते."

"पंखा होता ना," विमलबाई घाईघाईनं म्हणाल्या. "डब्याचं झाकण उघडं ठेवलं होतं, सगळ्यायले कुंकू लागलं पाह्यजे म्हणून. फोटोवाला म्हणे पंखा बंद करू नका, घाम येते. फुलं उडाले लागले, कागद उडाले लागले. मंग शकूरभाईच्या हत्यारात एक काळा गोटा होता, मधी भोक असलेला. त्याले हळदीकुंकू लावलं अन् डब्यावर ठेवला. अन् बाई..." त्यांचा आवाज खाली आला. "उदबत्तीचं पत्र्याचं घर त्याच्याजवळ ठेवलं, तं ते आपोआप सरकत गेलं. गोट्याले जाऊन चिकटलं! मी दोन्ही हात जोडले. म्हटलं, देवी पावली. कोनाले सांगतलं नाही. असं सांगू नये म्हणतात."

मनकर्णाबाईंनी ताम्हण खाली ठेवलं. त्यांनीही हात जोडले, मनापासून. मग हळूच म्हणाल्या, "देवी पावायचीच आहे विमलबाई. पण उदबत्तीचं घर ती ओढत नाही. तो गोटा कुठं आहे?"

"शकूरभाई सकाळीच घेऊन गेले."

जिनघरात शकूरभाई फिटर पट्ट्याला तेल देत होते. वडिलांपासून याच जिनात, आणि वडिलांपासूनच नवमीला पाने-हातोडे धुऊन पूजेला ठेवणारे. बाई जवळ गेल्या तशी त्यांच्या कमरेची किल्ल्यांची जुडी एकाएकी ताठ झाली आणि कापूस पडतो त्या पन्हाळ्याकडं ओढली गेली.

"किल्ल्या दूर ठेवा बाई!" शकूरभाई ओरडले. "चिकटल्या तं निघता निघत नाही. यंदा नवा चुंबक बसवला. जुन्या लाउडस्पीकरच्या मागची चकती हाये, लई जोरदार. कापसात खिळे येते, तारेचे तुकडे येते. ते जिनात गेले की ठिणगी, अन् ठिणगी म्हंजे आग. हा बेटा सगळं अलग ओढून घेते. काम नसलं की याले गोणपाटात गुंडाळून ठेवतो. पूजेले तेवढा उघडला, आंघोळ घातली."

"अन् दसऱ्याचा सगळा दिवस तो फ्लॉप्यांच्या डब्यावर बसून होता."

"त्यानं काय होते?"

बाईंनी सांगितलं. शकूरभाईंनी तेलाची बुधली खाली ठेवली.

"या अल्ला. अन् सकाळपासून मीच सगळ्यायले म्हणून राह्यलो, शालिग्राम असा पोट्टा नोय, कोनी तरी दुश्मनी काढली. तं दुश्मन मीच निघालो काय?" मग ते एकदम रागावले, पण कोणावर ते त्यांनाही कळेना. "मले काऊन नाही सांगतलं कोनी? एक शब्द? की शकूर, या डब्यायले चुंबक चालत नाही! मी तो गावाच्या बाहेर ठेवला असता!"

६

सभेत उत्तमरावांनी ठराव वाचला. मग अध्यक्षांनी बाईंकडं पाहिलं आणि खुर्च्यांचे आवाज थांबले.

मनकर्णाबाईंनी टेबलावर आपल्या पदराची एक साधी टाचणी ठेवली. शकूरभाईंनी गोणपाट सोडून चकती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि पुढं सरकवली. निम्म्या वाटेवर टाचणी उडी मारून तिला जाऊन चिकटली. कोणीतरी "बाप्पा!" म्हणालं.

मग बाईंनी सगळं सांगितलं. नाड्याची गाठ, मशीनमधली वाचलेली फ्लॉपी, झेंडूचं चिरडलेलं कडं, सरकणारं उदबत्तीचं घर. माणिकरावांचं पान त्यांनी गाळलं, पण माणिकराव स्वतःच उठून म्हणाले, "ते पान बी सांगा बाई, नाही तं लोक उद्या काहीही म्हणतीन," आणि सभा हसली.

दाराशी उभ्या विमलबाई मात्र रडायला लागल्या. "म्या ठेवला गोटा. मले काढा."

"काढायचं तर कोणाकोणाला काढणार?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "चुंबक काय करतो हे शालिग्रामला माहीत होतं. चुंबक कोणता हे शकूरभाईंना माहीत होतं. पूजेत कशावर काय ठेवलं हे विमलबाईंना माहीत होतं. तिघं एका अंगणात काम करतात. एकमेकांशी एकदा बोलले असते तरी हे झालं नसतं. पण या खोलीतली गोष्ट या खोलीत, असा हुकूम होता."

उत्तमरावांचा चेहरा उतरला. पण ते सहजी ऐकणारे नव्हते. "चुंबक मान्य. पुसलं नाही, तेही मान्य. पण पाकीट? हुकूम असून यानं बाहेर काय धाडलं? अन् दुसरं, रांग तं गेलीच ना? कोजागिरीले गाड्या येतीन, त्यायले काय चुंबक दाखवू?"

सगळ्यांनी शालिग्रामकडं पाहिलं. तो उभा राहिला आणि उत्तमरावांऐवजी बाईंकडं बघू लागला.

"शालिग्राम," बाई म्हणाल्या, "आम्ही बायका व्रत घेतो. शेजारणीनं विचारलं, कसला वसा गं? तर सांगावं लागतं. नुसतं नाव सांगून चालत नाही, कसा करायचा, उद्यापन कसं करायचं, सगळं. लपवलेल्या वशाला फळ नाही. मला वाटतं तूही तसंच केलंस. कोणीतरी विचारलं, आणि तू सगळं सांगितलंस. हो ना?"

"हाव," तो म्हणाला. आणि मग धरण फुटल्यासारखा बोलत सुटला. "हिवरा आश्रमाच्या अलीकडं एका गावी बियाण्याची सोसायटी हाये. तिथं वामनराव आहेत, त्यायच्यापाशी बी मशीन आली. बियाणं घ्याले त्यायच्या बी दारात अशीच झुंबड. मी त्यायले रांग देली, एक पैसा न घेता. बंद करून नाही देली, माणसाले वाचता येते तशी, ओळ न् ओळ उघडी देली. म्हटलं, तुमच्या कामाचं बदला, चूक सापडली तं दुरुस्त करा, फक्त दुरुस्ती मले बी कळवा. माह्या चुका त्यायनं काढल्या, त्यायच्या मी काढल्या. अष्टमीले यंदाची धाडली. आपल्या गावायच्या यादीसगट."

नारायणरावांनी खुर्ची पुढं ओढली.

"म्हंजे..." नारायणराव सावकाश म्हणाले, "आपली रांग तिथं हाये?"

"असली पाह्यजे."

"असली पाहिजे की आहे?" उत्तमराव.

"त्यायनं त्याच फ्लॉपीवर दुसरं काही उतरवलं नसन तं हाये."

अध्यक्षांनी ठरावाचा कागद उलटा केला. "रांग परत आली, तं हा ठराव कोनी वाचलाच नाही. नाही आली, तं मंग मले बी इलाज नाही शालिग्राम. हुकूम तं तू मोडलाच." आणि त्यांनी टेलिफोनवाल्याला ट्रंक कॉल लावायला सांगितलं.

लाइन लागली. पलीकडून खरखर आली, मग एका बाईचा आवाज. वामनराव घरी नव्हते. कुठं गेले, कधी येतील, ते सांगता सांगता लाइन तुटली.

७

दुसरा दिवस उजाडला तरी निरोप नव्हता. शालिग्रामची आई फाटकापाशी येऊन बसली होती. मनकर्णाबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. जपमाळ हातात होती, पण लक्ष हमरस्त्याकडं.

दुपार कलताना मेहकरकडून आलेल्या गाडीतून धोतर, कोट आणि काखेत पितळी डबा असा एक उंच म्हातारा उतरला आणि सरळ फाटकाशी आला.

"शालिग्रामजी इथंच काय? मी वामनराव. फोन तुटला, म्हटलं बोलण्यापेक्षा जाऊन येतो. घरचे म्हणे मलकापुरात काही तरी बुडलं." त्यांनी डबा थोपटला. "रांग याच्यात हाये. डबा पितळी हाये. लोखंडाच्या डब्यात ठेवत नसतो मी. शालिग्रामजीनंच पह्यल्या दिवशी बजावून सांगतलं होतं, चुंबकापासून जपा."

मनकर्णाबाईंनी डोळे मिटून घेतले. सत्तर मैलांवरच्या माणसाला माहीत होतं, अंगणातल्या माणसाला नव्हतं.

कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा उरली नाही. शालिग्रामनं मशीन सुरू केलं, फ्लॉपी वामनरावांनीच घातली. कडी लावली. मशीन घरघरलं. कालच्या घरघरीबद्दल सगळ्यांनी ऐकलं होतं, आता जो तो पडद्याकडं डोळे लावून होता. घरघर थांबली, पुन्हा लागली, आणि पडद्यावर गावांची नावं चढायला लागली.

"वडनेर!" कोणीतरी मोठ्यानं वाचलं. "ते पाहा, वडनेर भोलजी!"

शकूरभाईंनी दारातूनच, आत न येता, दोन्ही हात तोंडावरून फिरवले. इकडं येताना त्यांनी खिशातले सगळे पाने बाहेर काढून ठेवले होते.

"एक दुरुस्ती केली," वामनराव म्हणाले. "तुमच्यात लहान-मोठ्या सगळ्या गावायले सारखाच वेळ लागत होता. मोठ्या गावाच्या गाड्या जास्त, त्या संपतच नसत, अन् पुढचं गाव येऊन उभं. मी तो गाड्यायच्या हिशेबानं लावला. चालन ना?"

शालिग्रामनं ओळी वर सरकवल्या, वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि एकदम हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा. "मागच्या साली दोनच्या सुमाराले दर वेळी गर्दी व्हायची. माणिकभाऊ, तुमी म्हणत होते ना, मशीन जेवण झाल्यावर सुस्तावते म्हणून!"

"मंग?" माणिकराव म्हणाले. "खोटं होतं काय?"

उत्तमराव मागं, दाराशी उभे होते. त्यांनी हुकमाचा कागद काढून घेतला होता. त्याची घडी करत होते, उलगडत होते.

"वामनराव," ते खाकरले, "जळगाव जामोदकडं माह्या सासऱ्यायची सोसायटी हाये. त्यायले बी गाड्यांचा लई ताप. त्यायले ही... म्हंजे, द्यायची झाली तं कोनाले विचारा लागते? तुम्हाले की याले?"

"मले कायले विचारता? फक्त उघडी द्या. अन् त्यायनं काही सुधारलं, तं आमच्याकडं धाडा म्हणा."

खोलीतली गर्दी हळूहळू ओसरली. वामनरावांना जेवायला कोणाकडं न्यायचं यावरून नारायणराव आणि माणिकराव यांचं भांडण लागलं. विमलबाई चहा घेऊन आल्या आणि कप मशीनपासून हातभर लांब ठेवून, बरोबर ना, असं शालिग्रामकडं पाहू लागल्या.

शालिग्राम मात्र खुर्चीतून उठून उभा होता. हात मागं बांधलेले.

"साहेब," तो म्हणाला, "मंग मी... उद्यापासून येऊ काय?"

"उद्या कायले?" उत्तमराव म्हणाले. "उद्यापर्यंत गावं काय आपली वाट पाहून राह्यले? बस. तुह्या गावच्या चिठ्ठ्या पह्यले काढ, माय बाहेर बसली हाये तुही, तिच्याच हाती धाडून दे."

शालिग्राम बसला. थोड्या वेळानं छपाईचं यंत्र करकर वाजायला लागलं, आणि त्याचा आवाज बाहेर फाटकापर्यंत जाऊन पोचला.